गोधडीला वास येतो

सांडोर, वसई
९ ऑक्टोबर २०२५

चि. संपदा,

आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

फोन तू लागू देत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजला एकच टिक येते आणि ती जन्मभर एकच राहते. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. वीज कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे अक्षर अजून वाचण्याजोगं आहे.

आज पार्सल परत आलं. गणपतीनंतर विघ्नेशचा फोन आला होता, "पप्पा, संपदाला आईंची जुनी पातळं हवीत. बाळाच्या गोधडीला." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. जावई खोटं बोलत नाही, एवढं कळलंय मला. मी त्याच दिवशी तुझ्या आईचं कपाट उघडलं. तिची घरात नेसायची सुती पातळं, ते जांभळं, ते बारीक चौकड्यांचं हिरवं, ते काठ विरलेलं पिवळं, सगळी घड्या घालून जुन्या चादरीत बांधली, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि बडोद्याला पाठवली. बाळाला आजीच्या पातळाची गोधडी लागते, दुकानातली चालत नाही, असं तीच म्हणायची. तुझ्या वेळी तिने तिच्या आईचं लुगडं फाडलं होतं.

आणि आज तेच गाठोडं, तीच चादर, वर फक्त तुझ्या अक्षरात माझा पत्ता. विघ्नेशला विचारलं तर बिचारा चाचरत म्हणाला, "पप्पा, राग मानू नका. ती म्हणते, वास येतो."

कसला वास? मी एक एक घडी उचलून नाकाला लावली. काही नाही. डांबराच्या गोळ्यांचासुद्धा नाही. लहानपणी दूध प्यायचं नसलं की तू म्हणायचीस, दुधाला वास येतो. तेच चाललंय अजून.

शेजारची क्लेमेंटीन कुंपणापाशी उभी राहून बघत होती. तिला सगळं बघायचं असतं, हे तुला मी सांगायला नको. म्हणाली, "काय ओ भाऊ, पोरीने परत धाडलं? पयलं बालंतपन म्हायेरी नाय, आता म्हायेरचा बालंतविडा पन नको?" मी म्हटलं, पत्ता चुकला होता. ती म्हणाली, "पोरीचा पत्ता बापाला म्हाईत नाय, असं पन असतंय काय?" आणि केळीचा पाला उचलून निघून गेली.

मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटत असेल तर तसं काही नाही. तुझी आई गेल्यापासून मला वाईटही वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल होतो ना, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं आहे. गाठोडं तिच्या खुर्चीवर ठेवलं, समोर बसलो आणि एक सिगारेट ओढली. लपवून काय करायचंय आता.

पप्पा


२ नोव्हेंबर

चि. संपदा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

दिवाळीला विघ्नेशने फोन केला, आणि तुझा निरोप दिला. सिगारेट सुटली असेल तरच बारशाला यायचं, नाहीतर बाळाजवळ नको. तो "म्हणजे ती म्हणते" असं म्हणत होता. मी म्हटलं, बाबा रे, ती म्हणते ते बरोबर आहे, तू कशाला घाम पुसतोस?

बरोबरच आहे. तुझ्या आईने आयुष्यात सिगारेट हातात धरली नाही. पहिल्यांदा छातीच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मला नाही, तिला विचारलं, "किती वर्षं ओढता?" ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "ओढतात हे. मी नुसती घेते." डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो होतो. तू तिथे नव्हतीस, म्हणून सांगतो.

बाकीचं तुला माहीत आहे. दहाव्याला सगळे तलावावर कावळ्याची वाट बघत बसले होते आणि मी देवळामागे जाऊन पेटवली. तू मला शोधत आलीस, बघितलंस आणि परत फिरलीस. चार शिव्या दिल्या असत्यास तर त्या दिवशीच मिटलं असतं. तू काही बोललीच नाहीस, ते अजून चालू आहे.

तर आता बातमी. सिगारेट सुटली.

खरंच सुटली. अल्पेश भाऊबीजेला आला होता, बहिणीकडून, हेमांगीकडून, निघून इकडे. तुझा चुलतभाऊ आता जमिनींची दलाली करतो, गळ्यात साखळी, तोंडात इंग्रजी. मी ओट्यावर ओढत बसलेला बघून म्हणाला, "काका, हे अजून चालू आहे? यार, सोडून द्या. हे घ्या." आणि खिशातून पेनासारखी एक निळी नळी काढून दिली. "व्हेप. नो धूर, नो राख, नो टेन्शन. फक्त वाफ आहे. मी पण यावरच आहे." ओढली की टोकाला बारीक दिवा लागतो. आंब्याची चव आहे. मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची.

विकायला बंदी आहे म्हणे. दुकानात मागायची नाही, अल्पेश कुणाला तरी फोन करतो आणि माणूस रस्त्यावर आणून देतो. गंमत बघ. जिने तुझी आई नेली ती पानाच्या टपरीवर टांगलेली असते, आणि ही मात्र चोरून आणायची.

हे ओढणं नव्हे, हे तुला पटणार नाही, पण ऐकून घे. धूर नाही. राख नाही. भिंत काळी होत नाही. सवयीने मी अजून तिची राख झटकतो, खिडकीबाहेर हात काढून, आणि झटकायला काही नसतं. क्लेमेंटीन बघून हसली. "भाऊ, काय उडवताय? माश्या?"

आणि घरात ओढत नाही. वाडीत केळींमध्ये जातो आणि तिथेच. हे मी लिहून देतो आहे. बारशाला मी स्वच्छ येईन.

पप्पा


२६ नोव्हेंबर

चि. संपदा,

हे पत्र मी दोनदा सुरू करून फाडलं.

माझं नाक परत आलं. मला तर कळलंच नव्हतं की ते गेलं होतं. एका सकाळी उठलो आणि क्लेमेंटीनच्या घरातले बोंबील तळल्याचा वास थेट माझ्या उशीपर्यंत आला. मग विहिरीपाशी शेवाळ. मग वाडीतला कुजलेला पाला. वटारहून तो भाजीवाला पेरू घेऊन येतो, त्याच्या टोपलीवरून मान हलेना माझी. तो म्हणाला, "काका, घ्या की, नुसतं हुंगून पोट भरतं काय?" घेतले. बसून सगळे खाल्ले. इतक्या वर्षांत आपण काय जेवत होतो आणि त्यात तुझी आई काय काय घालत होती, हे मला माहीतच नसणार.

म्हणून वाटलं, गाठोडं उघडावं. तिचा वास येईल. ती चंदनाची पावडर लावायची, डब्यातली, आणि केसांना खोबरेल. लग्न झालं तेव्हा मला तो वास माहीत होता. पुढे कधी यायचा बंद झाला ते लक्षातच आलं नाही.

गाठ सोडली आणि तोंड फिरवलं.

तू म्हणालीस ते बरोबर होतं, संपदा. विझवलेल्या सिगारेटीच्या ताटलीत पाणी घालून ठेवलं की येतो तो वास. जांभळ्याला, हिरव्याला, पिवळ्याला, सगळ्यांना तोच. मी प्रत्येक घडी उलगडून आत नाक घालून बघितलं, कुठे तरी खाली, काठाच्या शिवणीत, ती असेल म्हणून. नाही. तिच्या कपाटात तिच्या कपड्यांना माझा वास आहे. ती ते नेसून स्वयंपाक करायची, ते नेसून झोपायची, तुला जवळ घ्यायची.

आमचं कपाट पलंगाशेजारी, आणि मी पलंगावर बसून ओढायचो. तिने कधी तरी म्हटलं होतं, कपाट बाहेरच्या खोलीत हलवू या. मी म्हटलं, कशाला उगाच हलवाहलव.

रडू आलं नाही. रडू येईल म्हणून थोडा वेळ बसून राहिलो. मग गाठोडं बांधलं आणि हात धुतले. हातालाही येत होता.

हे पार्सल तू कशी घरात ठेवणार होतीस, पोटात मूल असताना. बरं केलंस परत पाठवलंस.

पप्पा


११ डिसेंबर

चि. संपदा,

विघ्नेशचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तो बोलत असताना मागे तिचा आवाज आला, बारीक, चिडलेला. तुझाच आवाज तो. मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवून ओट्यावर बसलो. काही तरी व्हायला पाहिजे होतं मनात, ते झालं नाही. क्लेमेंटीनला पेढे दिले तेव्हा तीच डोळे पुसायला लागली, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिलो.

पण एक काम मी हातात घेतलंय. गोधडी मी शिवणार.

हसू नको. क्लेमेंटीन हसून झाली आहे. पातळं घेऊन तिच्याकडे गेलो आणि विचारलं, याचा वास कसा काढायचा? तिने एक घडी उचलली, लांब धरली. "जेजू! भाऊ, तुमी मीरावहिनींचं काय केलात ओ?" मग तिने रिठे काढून दिले, भिजत घालायला सांगितले, आणि पातळं किती वेळा खळबळायची, कुठल्या उन्हात टाकायची, सगळं हुकूम सोडल्यासारखं सांगितलं.

पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरंही. मी बादलीत बघत होतो आणि पाणी तांबूस होत होतं. तुझ्या आईच्या छातीतही हेच असणार. विहिरीवर पाणी ओढून ओढून हात भरून आले, तेव्हा कुठे नितळ पाणी आलं. केळींच्या मधून दोरी बांधली आणि सगळी पातळं वाळत घातली. वाऱ्यावर उडत होती. रस्त्याने जाणारं कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, घरात बाई आहे.

वास गेला. क्लेमेंटीनने प्रत्येक पातळ हुंगून पास केलं. आता कसलाच वास नाही. ना माझा, ना तिचा.

क्लेमेंटीनच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. ती खुर्चीत बसून सांगते आणि मी शिवतो. जांभळं वर, पिवळं खाली, मधे हिरव्याच्या घड्या. "टाका बारीक घ्या. पोर हाय ती, तिचा पाय आडकंल." बोटाला सुई टोचली की ती खूश होते. तिच्या घरी नाताळचा गोठा मांडायचं काम चाललंय, ते टाकून ती माझ्याकडे येऊन बसते, म्हणजे बघ.

ती गेली की मी आत बसून शिवतो, पलंगावर, खिडकीच्या उजेडात. दोन्ही हात गुंतलेले असले की ती नळी ओठात नुसती धरता येते, ही तिची एक सोय आहे. चार्जरही आता पलंगाजवळच्या प्लगलाच ठेवलाय, सारखं उठावं लागत नाही. सिगारेट संपते, ती विझवावी लागते, माणूस मधे थांबतो. ही संपत नाही.

बारसं अकरा जानेवारीला ठरलंय असं विघ्नेश म्हणाला. तोपर्यंत गोधडी होईल. मी घेऊन येतो. तू सांगितलंस तसाच येईन.

पप्पा


२२ डिसेंबर

संपदा,

गोधडी काल पुरी झाली. कोपऱ्यांना क्लेमेंटीनच्या सांगण्यावरून लाल त्रिकोण लावले, दृष्ट लागू नये म्हणून. तिच्या धर्मात हे आहे की नाही मी विचारलं नाही.

आज सकाळी घडी घालून तिला दाखवायला नेली. तिच्या दारात कंदील लागलेत, सून करंज्या तळत होती. क्लेमेंटीनने टाके बोटाने चाचपून बघितले. "बरी झाली. पयलटकरीण बाईने शिवावी तशी." मग तिने गोधडी गालाला लावली, मुलासारखी, आणि थांबली. परत हुंगली.

"भाऊ," म्हणाली, "नाताळात आंबे कुठनं आणलात?"

सुनेला वाटलं आपल्याला विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, छान येतोय वास, एसेन्स टाकलाय का?"

क्लेमेंटीन आंधळी आहे थोडी, बहिरी नाही आणि मूर्ख तर नाहीच नाही. तिने गोधडीची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "पोरीला न्हेऊ नका ही."

घरात ओढत नाही असं मी तुला लिहून दिलं होतं. ते पहिल्या आठवड्यातच मोडलं होतं. वाडीत डास असतात, असं काही तरी कारण होतं. धूर दिसत नव्हता म्हणून मला वाटलं काही राहत नाही.

गोधडी पुन्हा धुता येईल. रिठे आहेत. पण ती शिवणारा मीच आहे आणि ती या घरातच वाळणार.

बाकी काही नाही.


५ जानेवारी २०२६

चि. संपदा,

मी बारशाला येत नाही. हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं नीट वाचशील.

काल चांदीपला गेलो होतो. तुझ्या मामाकडे. म्हणजे मामा नाहीत, भागूमामी आहे. तिचा निरोप होता की बारशाला बरोबर जाऊ, तिचा सुरज गाडी काढणार आहे. मी येत नाही हे मला तोंडावर सांगायचं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

भात कापून झालंय, खळ्यात पेंढ्याची उडवी आहे. भागूवहिनी पायरीवर बसून तांदूळ पाखडत होत्या. "या भावजी. आदी पानी घ्या." पाणी प्यायलो. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पातळं, वास, रिठे, आंबा. त्यांचं सूप चालूच होतं. झालं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे बिडी सुटली नि बिडीची भन धरलात." मी म्हटलं, हो.

मग त्या उठून आत गेल्या आणि भाताच्या कोठीच्या खोलीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. गाठ मारलेली, त्यावर आणखी एक पिशवी.

"मीराचं पातल हाय. ती हिकडं हवेला आलती ना महिनाभर, तवाचं. जाताना ठेवून गेली. म्हनली, वहिनी, मी येनारच हाय परत, कशाला वजं न्हेऊ. दोन दिवस नेसली व्हती. मी धुतलं नाय."

तुला आठवत असेल तो महिना. तिथे तिचा खोकला कमी झाला होता. रात्री झोप लागते म्हणून सांगायची फोनवर. मी म्हणायचो, पुरे आता, मला जेवणाचे हाल होतात. मग ती आली.

भागूवहिनींनी पिशवी पुढे केली. "दिवालीला उगडते मी येकदा, वारा लागाया. मीराचाच वास हाय अजून. घ्या, बगा."

संपदा, मी हात पुढे केला होता. तुझ्याशी आता काय लपवायचं? गाठीपर्यंत बोटं गेली होती. नाक परत आल्यापासून मी त्याच एका वासासाठी घर उलथं केलं होतं, आणि तो तिथे होता, दोन पिशव्यांच्या आत, माझ्या हाताच्या अंतरावर. पातळ कुठलं तेही दिसत होतं थोडं. ते पांढरं, निळ्या ठिपक्यांचं.

आणि खिशातली नळी मांडीला लागत होती. सकाळपासून किती वेळा काढली होती ते मला माहीत होतं. शर्टाला, बोटांना, मिशीला, सगळ्याला तिचा वास असणार. मी ती पिशवी उघडून तोंड आत घातलं असतं तर तिचा वास मला मिळाला असता, आणि माझा तिला लागला असता. आयुष्यभर तेच झालं.

हात मागे घेतला. म्हटलं, "वहिनी, तुम्हीच न्या. मी हात लावत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी पदराखाली धरली आणि म्हणाल्या, "बरं."

तेव्हा मला रडू आलं. दोन वर्षांनी. पायरीवर बसून, सूप, तांदूळ, कोंबड्या, सगळ्यांसमोर. इंजेक्शन उतरलं की दुखतं हे डॉक्टर आधी सांगतात, पण दुखायला लागल्याशिवाय कळत नाही. भागूवहिनींनी गप्प करायचा प्रयत्न केला नाही. पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि पाखडत बसल्या.

तर आता असं. ती नळी सुटलेली नाही. अल्पेशला सांगितलंय, पुढची आणू नकोस. तो म्हणाला, "काका, मग परत सिगारेट सुरू होईल." होईलही. आज काढली नाही, हे पत्र लिहून होईपर्यंत तरी. उद्याचं लिहून देत नाही, मागच्या वेळी दिलं त्याचं काय झालं ते तू वाचलंस. सुटली की येईन. त्या दिवशी विघ्नेशला काही विचारू नको, मला दारात उभं कर आणि स्वतः हुंगून बघ. आला वास तर दार लाव. मी रागावणार नाही.

मी शिवलेली गोधडी इथेच राहील. क्लेमेंटीन म्हणते तिच्या मांजरीला चालेल.

हे पत्र पोस्टाने पाठवतो आहे, पिशवीबरोबर नाही. हा कागद माझ्या खिशात होता. तुला नको असेल तर वाचून बाहेर टाक.

पिशवी भागूमामी रविवारी आणील. गाठ तिनेच मारलेली आहे, ती कुणाला सोडू देऊ नको, तू सोड. बाळाला मांडीवर घेऊन सोड. मागच्या वेळी वास येतो म्हणून तू पार्सल परत पाठवलंस. या वेळी वास आला तर ठेवून घे.

पप्पा